केळशीची खाडी आणि मागून आणलेली जीप

याकूबबाबांच्या दर्ग्यावर सलाम करून आम्ही केळशीच्या किनाऱ्याकडे वळलो. वाळूची टेकडी, सुरूची झाडे, ओहोटीने उघडा पडलेला ओला किनारा. मुले तर गाडीतूनच ओरडू लागली. जीप मामूजानच्या शेजाऱ्याकडून मागून आणलेली. भारजा नदीच्या मुखाशी पाणी गुडघाभर दिसले. "निघेल," असे आम्हीच म्हणालो. ते मांडीभर निघाले आणि मधोमध इंजिन बंद पडले. घाबरून दोनदा किल्ली फिरवली. खरा घात तिथेच झाला. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, मग कनेक्टिंग रॉडच वाकतो, असे दापोलीच्या मेकॅनिकने नंतर समजावले. (विज्ञान आम्ही शाळेत शिकवतो, हे त्याला सांगितले नाही.)

विमावाल्यांनी हात वर केले. साध्या पॉलिसीत हे बसत नाही; इंजिनाचे जादा कवच लागते, ते घेतलेले नव्हते.

"मास्तर, निम्मे मी भरतो," मालक म्हणाले.

"अमानत होती ती," बेगम हळूच म्हणाल्या.

उमराहसाठी साठवलेल्या रकमेतून बिल भरले. या ईदला केळशीला गेलो, ते एसटीने.