खिशातला निळा पंप

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर कोणालाच झोप नसते. त्या रात्री मलाही नव्हती, पण कारण जर्नल नव्हतं. गॅदरिंगसाठी आमच्या विंगमध्ये बॅकड्रॉप रंगवणं चाललं होतं आणि त्या वासाने माझी छाती भरून आली. पंप घेऊन बाथरूम गाठलं. दोनदा दाबला. 'फुस्स' झालं, पण श्वास काही मोकळा होईना. पुन्हा दाबला, पुन्हा नुसतंच फुस्स!

बाथरूमच का? कारण मला दमा आहे हे दीड वर्ष मी कोणाला कळूच दिलं नव्हतं. 'एकदा पंप लागला की सुटत नाही' हे गावाकडे ऐकत आलेलो. त्यात पोरं चिडवतील ही धास्ती.

शेवटी रूम पार्टनरने दार वाजवलं. मला एक वाक्य धड पूर्ण बोलता येईना. त्याने रेक्टर सरांना उठवलं, सरांनी गाडी काढली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला. थोड्या वेळाने श्वास उघडला. पण हात थरथरायला लागले, छातीत धडधड! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "औषधाचाच परिणाम आहे, उतरेल. हा पंप कधी घेतलास? दिवसाला किती वेळा मारतोस?"

"दोन महिने झाले. पाच-सहा वेळा."

"मग कर हिशोब. यात 200 डोस असतात."

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी ना मी! 5 गुणिले 60 म्हणजे 300. औषध केव्हाच संपलं होतं, मी नुसता गॅस ओढत होतो. काउंटर नसलेला पंप औषध संपल्यावरही फवारा मारत राहतो.

मग मॅडमनी नीट समजावलं. दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतून सूज येते, चिकट कफ साठतो. फ्लुइड मेकॅनिक्स आठवा: लॅमिनार फ्लोमध्ये पाइपची त्रिज्या निम्मी झाली की रोध 16 पट होतो. निळ्या पंपातलं सालब्युटामॉल 1969 पासून वापरात आहे. ते स्नायूंवरच्या बीटा-2 रिसेप्टरवर काम करून स्नायू सैल सोडतं. पाचेक मिनिटांत आराम पडतो, तो चार ते सहा तास टिकतो. एका दाबात औषध फक्त 100 मायक्रोग्रॅम, आणि तेही थेट फुप्फुसात. म्हणून गोळीपेक्षा बरं.

पण सूज? ती तशीच राहते! तिच्यासाठी स्टेरॉइडचा दुसरा पंप रोज घ्यायचा असतो. मलाही दिला होता. त्याने लगेच काही वाटत नाही म्हणून मी तो ट्रंकेत टाकून दिलेला. गळती तशीच ठेवून रोज फरशी पुसण्यासारखं झालं हे. निळा पंप वारंवार मारला तर त्याचा असर कमी होतो, आणि अति डोसाने रक्तातलं पोटॅशियमही घटतं. नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही 2019 पासून सांगितलेलं आहे.

वर माझी पद्धतही चुकीची निघाली. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून सावकाश आत ओढता ओढता दाबायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. स्पेसर लावला तर आणखी सोपं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी होते.

परत आल्यावर पार्टनर एवढंच म्हणाला, "साल्या, परीक्षेतली कॉपी सांगतोस, हे नाही सांगितलंस?" मला उत्तर सुचलं नाही.

आता दोन्ही पंप माझ्या टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे असतात. निळ्यावर चालू केल्याची तारीख लिहिलेली असते, आणि तो आता क्वचितच लागतो. तेव्हा मित्रांनो, तुमच्या विंगमध्येही कोणी पंप लपवत असेल तर चिडवू नका. आणि लपवणारा तूच असशील, तर आज निदान रूम पार्टनरला तरी सांग. रात्री दार त्यालाच वाजवायचं असतं.