जुन्या संगणकाची दुसरी खेळी

लोधीखेड्याला आमच्या घरी २०१५ सालचा एक संगणक आहे. रॅम ४ जीबी. बाबा त्यावर संत्र्याच्या बागेचा हिशेब लिहितात, अर्ज टाईप करतात, बँकेचं काम करतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात दोन्ही नाही. म्हणजे धडधाकट संगणक भंगारात काढायचा, नाहीतर सुरक्षा अपडेटशिवाय त्यावर बँक उघडायची.

तिसरा मार्ग होता लिनक्सचा. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली मी नोकरीत सर्व्हरवर रोज वापरतो, पण घरच्या डेस्कटॉपवर कधीच वापरली नव्हती. त्यामुळे या कामात मीही नवशिक्याच. बाबा म्हणाले, “चांगलं चालून राहिलं ना, मग कायले बदलवतं?”

म्हणून आधी काहीच बदललं नाही. लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली आणि संगणक तिच्यावरून सुरू केला. याला ‘लाइव्ह’ म्हणतात. यात हार्डडिस्कला हात न लावता सगळं वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासले. दोन दिवस बाबांना वापरू दिलं. त्यांचा होकार आल्यावर फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवली, मगच इन्स्टॉल केलं.

हिशेबाच्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या. जुने अर्ज उघडले तर मात्र नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! आपल्या मध्यप्रदेशात टायपिंग म्हणजे कृतिदेव, आणि तो युनिकोड फॉन्ट नाही. फॉन्टची फाइल नव्या यंत्रणेत टाकली, अर्ज पुन्हा वाचता आले. आता नवे अर्ज बाबा युनिकोडमध्ये लिहितात. तुमच्याकडे टॅली किंवा फोटोशॉपवर काम चालत असेल, तर आधी विचार करा. ती लिनक्सवर थेट चालत नाहीत.

शेवटी मेनूची भाषा मराठी केली. घरात मराठी, शाळेत हिंदी, संगणकावर इंग्रजी ही आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातली जुनी वाटणी. हिंदी शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या बाबांनी पडद्यावरची मराठी मोठ्याने वाचली. मध्येच थांबून म्हणाले, “हे अर्धं इंग्रजीतच हाय का गा?”

खरं आहे. हे भाषांतर स्वयंसेवक करतात. जेवढं झालं तेवढंच मराठीत दिसतं, उरलेलं इंग्रजीत. त्यात भर घालायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही, मराठी यावी लागते. रोज रात्री जेवणानंतर मी आता दहा वाक्यं करतो. अडलेला शब्द बाबांना फोन करून विचारतो. पूर्वी आमचं बोलणं तब्येत आणि पावसापाशी संपायचं. आता एकेका शब्दावर अर्धा तास जातो.