पंचवीस वॅट, साठ वॅट आणि बाबांचे कान

मागच्या दिवाळीत महागावला घरी गेलो होतो. बाबांचा स्टिरिओ लावला आणि वाटलं, आवाज घोंगडी पांघरून येतोय. खंजिरी भजन चालू होतं. गायकाचा आवाज होता, ढोलकी होती, पण खंजिरीच्या चकत्यांची झुणझुण पार गायब. स्पीकरला कान लावून बघितलं तर दोन्ही ट्वीटर मुके.

"बाबा, हे कधीपासून असं?"

"कसं? चांगला तर वाजतो."

आता गुन्हेगार कोण, ते सांगतो. मीच. स्पीकर ६० वॅटचे आणि अ‍ॅम्प्लिफायर २५ वॅटचा, अशी जोडी मीच लावून दिली होती. वर छातीठोकपणे सांगितलं होतं, की कितीही मोठा करा, स्पीकरला काही होणार नाही. २५ मध्ये ६० ला जाळायची ताकद येणार कुठून? (सॉफ्टवेअरवाल्याचं गणित, दुसरं काय.)

पुसदच्या मेकॅनिकने एका वाक्यात निकाल लावला. "भाऊ, लहान अ‍ॅम्पच ट्वीटर खाते जी."

नंतर बसून वाचलं तेव्हा पटलं. अ‍ॅम्प त्याच्या कुवतीबाहेर गेला की लहरींची डोकी सपाट कापली जातात, म्हणजे क्लिपिंग. पूर्ण कापलेल्या लहरीची ताकद मूळच्या दुप्पट होऊ शकते, म्हणजे २५ चे जवळजवळ ५०. शिवाय ६० वॅट हा आकडा अख्ख्या खोक्याचा. गाण्यातली बहुतेक ताकद खालच्या आणि मधल्या सुरांत असते, म्हणून ट्वीटर बिचारा थोडेच वॅट सहन करेल असा बनवलेला असतो. क्लिपिंगमध्ये खालचे सूर कापले जातात, पण बटण फिरवू तसे वरचे सूर वाढतच राहतात, आणि कापाकापीतून नवीन तीक्ष्ण सूर तयार होतात ते वेगळेच. सगळा मार ट्वीटरवर.

त्यात आमच्याकडची वीज. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की घरात २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळतात कधीकधी. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं, आणि वॅट तर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतात. १८० भागिले २३० म्हणजे ०.७८, त्याचा वर्ग ०.६१. म्हणजे २५ चा अ‍ॅम्प त्या वेळी १५ चाच, आणि क्लिपिंग तेवढंच लवकर!

झालं, मोठा अ‍ॅम्प घ्यायचा ठरवला. स्पीकरच्या आकड्याएवढा किंवा दीडपट अ‍ॅम्प घ्यावा, म्हणजे तो न धापता चालतो, असा साधारण नियम आहे. (मात्र ओहम बघून घ्या. ८ ओहमपुरत्याच बनवलेल्या अ‍ॅम्पला ४ ओहमचा स्पीकर लावला तर तो दुप्पट करंट ओढायला बघतो.) ऑर्डर देण्याआधी सहज हिशोब मांडला, आणि तो काही जुळेना.

आमच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८८ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८८ डेसिबल. बाबांची आरामखुर्ची ३ मीटरवर, तिथे साडेनऊ कमी होतात. दोन स्पीकर म्हणून ३ परत मिळतात. म्हणजे खुर्चीत ८१-८२, तेही फक्त एकेका वॅटमध्ये! समोरासमोर बसून बोलताना आपला आवाज ६० च्या आसपास असतो. ७५ डेसिबलवर भजन ऐकायला पाव वॅटही लागत नाही. थाप पडली की मधूनच २० डेसिबलची उसळी येते असं धरलं, तर त्या क्षणापुरती शंभरपट ताकद लागते, म्हणजे साधारण २० वॅट. ती १८० व्होल्टला थोडी कापली जाईल इतकंच.

मग बाबांचं बटण तीनच्या काट्यावर का होतं?

उत्तर माझ्या पहिल्याच प्रश्नाला मिळालं होतं, मीच ऐकलं नव्हतं. "चांगला तर वाजतो." वयाबरोबर कान आधी वरचे सूर सोडतो. बाबांना चकत्या ऐकू येईनात म्हणून ते आवाज वाढवत गेले. त्यात ट्वीटर जळले, आणि जळलेले कळलेही नाहीत. आणि दर रविवारी फोनवर "हो, हो" म्हणणाऱ्या बाबांना मी मितभाषी समजत होतो.

यवतमाळला कानाची तपासणी केली. आलेखातली रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली. अ‍ॅम्पचे पैसे श्रवणयंत्राकडे वळवले, त्यात बरीच भर घातली, आणि स्पीकरला फक्त नवे ट्वीटर बसवले. अ‍ॅम्प तोच, २५ चा.

यंत्र लावून बाबा पहिल्यांदा खुर्चीत बसले. मी सवयीने बटण तीनवर नेलं. दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग हात वर करून म्हणाले, "अरे, कमी कर थोडं. केवढ्यानं लावलंस!"

आता बटण दहाच्या काट्यावर असतं. आणि रविवारचा फोन चांगला अर्धा तास चालतो.