तीन इटालियन बाटल्या आणि दादाचं नाक

भाची आणि तिचा नवरा इटलीहून आले ते तीन बाटल्या घेऊन. "मामा, साध्याच आहेत हं, सुपरमार्केटमधल्या," असं तिने आधीच सांगून टाकलं. तिन्ही मिळून 14 युरो. पण साध्या म्हणजे तिकडे साध्या. आपल्याकडे परदेशी वाईनवर वर्षानुवर्षे 150 टक्के आयात शुल्क आणि वर राज्याचे कर, त्यामुळे तिकडचा गवंडी जेवताना जी पितो ती मुंबईच्या दुकानात साहेब होऊन बसते. विमानतळावर माणशी दोन लिटरची सूट असते, तिच्या कृपेने या तिघी पेणला पोचल्या.

आमचं वाईनचं ज्ञान गोव्याच्या गोड पोर्टपासून सुरू होऊन नाशिकला संपतं. म्हणून आधी लेबलं वाचली. पहिली किआंती, टस्कनीची, सांजोवेझे नावाच्या द्राक्षाची. (पूर्वी हिची बाटली गवताच्या टोपलीत बसवलेली असायची, जुन्या सिनेमांत दिसते तीच.) दुसरी मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो. इथे एक गंमत आहे. मोंतेपुल्चानो हे टस्कनीतलं गावही आहे आणि द्राक्षाचं नावही, पण त्या गावच्या प्रसिद्ध वाईनमध्ये मुख्यतः सांजोवेझे असतं आणि मोंतेपुल्चानो द्राक्ष पिकतं पलीकडच्या किनाऱ्याला, आब्रुत्सोत. तिसरी सिसिलीची नेरो द'आव्होला, म्हणजे आव्होला गावची काळी.

अशा बाटल्या एकट्याने उघडायच्या नसतात. जानेवारी होता, रोह्याला दादाच्या वाडीत पोपटी ठरलेलीच होती. बाटल्या टॉवेलात गुंडाळून, नागोठण्यापर्यंत महामार्गावर हिसके खात आम्ही दोघं मुक्कामालाच गेलो.

खरं सांगायचं तर बाटल्यांपेक्षा मला दादाचंच कुतूहल जास्त होतं. दादाची भातगिरणी आहे. गोणीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर भात नाकाशी धरायचा आणि सांगायचा, हे ओलं असताना भरलंय, हे गेल्या वर्षीचं यात मिसळलंय. त्यावर त्याचे व्यवहार चालत. 2021च्या एप्रिलमध्ये त्याला कोविड झाला. माणूस वाचला, वास गेला. आता गोण्यांचा वास पुतण्या घेतो आणि दादा बाजूला उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघतो.

वहिनी पीत नाही, म्हणून पंच तीच. बाटल्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या. पुस्तकांत रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्या म्हणतात, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. रोह्यातली नव्हे. स्टीलच्या पेल्यात रंग दिसेना म्हणून चहाचे काचेचे ग्लास काढले. आणि हे सगळं पोपटीचं मडकं उघडायच्या आत, कारण भांबुर्ड्याचा वास एकदा सुटला की इटलीचं काही चालत नाही.

पहिल्या फेरीत नावं सांगून. किआंती आंबट, पार आमसुलाच्या वळणाची. मोंतेपुल्चानो जांभळासारखी, आधी गोडसर आणि मग जीभ धरणारी. नेरो सगळ्यात दाट, मनुकांच्या वासाची, घशात ऊब ठेवून जाणारी. इंग्रजी पुस्तकांत चेरी आणि प्लम लिहितात. आमच्या जिभेला जांभूळ, करवंद, आमसूल पुरेसं आहे. उलट तुरट या एका शब्दात जे बसतं त्यासाठी त्यांना टॅनिनचं व्याख्यान द्यावं लागतं.

दुसऱ्या फेरीत वहिनीने आत जाऊन ग्लास अदलाबदल करून आणले. आता ओळखा. मी खूप वेळ हुंगलं, डोळे मिटले, एक बरोबर आली. बायकोच्या तिन्ही चुकल्या. दादाने एकेक घोट घेतला, जीभ टाळूला घासली आणि तिन्ही बरोबर सांगितल्या. वहिनीने पुन्हा बदलून आणल्या. पुन्हा तिन्ही बरोबर!

आम्ही टाळ्या पिटल्या. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की यात चमत्कार काही नाही. आंबट जिभेला कळतं. सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड खरखरीत होतं, म्हणजे तुरटपणा हा बराचसा स्पर्शच. मद्याची उष्णताही तशीच. जांभूळ आणि मनुका मात्र नाकातून येतात, आणि आम्ही दोघं त्यांच्याच मागे लागून चुकलो. दादाकडे त्या नव्हत्याच.

"मग चांगली कुठली?" बायकोने विचारलं.

"वेगळ्या आहेत एवढं कळतं," दादा म्हणाला. "चांगली कुठली ते तुम्ही सांगा."

मला सगळ्यात मोंतेपुल्चानो आवडली होती. पण तेव्हा ते सांगायला जीभ उचलेना. मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, मडकं उपडं केलं. भांबुर्ड्याची पानं बाजूला सारताच आम्ही सगळे एकदम पुढे वाकलो. दादा आमच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने वालाची एक शेंग उचलून सोलायला घेतली.

सकाळी निघताना तो म्हणाला, उरलेल्या इथेच राहू देत, महिन्याभराने पुन्हा घेऊन बघतो. उघडलेली वाईन तीन-चार दिवसांत उतरते. मी काही बोललो नाही.

पंधरा-वीस दिवसांनी रात्री त्याचा फोन. "अरे, वास आला! बाटली नाकाशी धरली आणि एकदम झणकन गेला. व्हिनेगरसारखा."

व्हिनेगरची झणझण वेगळ्या मज्जातंतूने कळते, वास गेलेल्यालाही कळते, हे मी वाचलेलं आहे.

"कुठल्या बाटलीचा?" मी विचारलं.

"थांब," तो म्हणाला, "तिन्ही बघतो." आणि फोन चालू ठेवूनच आत गेला.