हातिमताईच्या गावचा अमीर

रियाधहून वायव्येला सुमारे सहाशे किलोमीटरवर अजा डोंगराच्या लालसर ग्रॅनाइटच्या रांगा लागतात. त्यांच्या पायथ्याशी हाइल शहर आहे. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसेल, पण हातिमताई? त्याच्या गोष्टी तर घरोघरी पोचल्या! सहाव्या शतकातला तो दानशूर ताय टोळीतला हातिम याच डोंगरांतला.

पुढे इथे शम्मर टोळीचं राज्य आलं. १८३६मध्ये अब्दुल्ला इब्न रशीदने गादी स्थापली आणि पुढे घरातच तलवारी उपसल्या गेल्या. शनिवारवाड्यातली काका-पुतण्याची कथा मराठी वाचकाला नवी नाही. हाइलच्या बरझान राजवाड्यात मात्र ती उलटसुलट दोनदा घडली. १८६९मध्ये पुतण्या बंदरने काका मुतैबला मारलं. १८७२मध्ये दुसरा काका मुहम्मद याने बंदरला संपवलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. बंदरच्या बहुतेक भावांनाही त्याने जिवंत ठेवलं नाही.

आणि हाच मुहम्मद रशीदी घराण्यातला सर्वांत यशस्वी अमीर ठरला!

जानेवारी १८७९मध्ये कवी बायरनची नात लेडी अ‍ॅन ब्लंट पतीसह नफूदचं वाळवंट ओलांडून इथे पोचली. अमीराचा छळ झाल्यासारखा चेहरा पाहून तिला तिसरा रिचर्ड आठवला. पण आतिथ्य हातिमच्या गावाला शोभेलसं होतं. मुदपाकखान्यात प्रचंड तांब्याचे हंडे होते, एकेकात तीन-तीन उंट शिजतील एवढे. रोज शेकडो पाहुणे जेवून उठत. यात धर्म होता तसं राजकारणही होतं. जो बदाऊनी शेख इथलं अन्न खाई, तो उद्या लुटायला येताना दोनदा विचार करी. इराक-इराणकडून मक्केला जाणारे यात्रेकरूही इथूनच जात आणि त्यांच्या वाटेच्या संरक्षणाचा मोबदला अमीराच्या तिजोरीत पडे.

घोडे हा त्याचा दुसरा अभिमान. नज्दमधले तरणे घोडे कुवेतमार्गे थेट मुंबईच्या बाजारात येत. अमीराने पाहुण्यांना एक टेलिफोनही दाखवला. एक गुलाम इकडे, दुसरा बाहेरच्या चौकात. निरोप पोचला खरा, पण खबरदारी म्हणून बाहेरचा गुलाम बेंबीच्या देठापासून ओरडतच होता!

१८९१मध्ये मुलैदाच्या लढाईत मुहम्मदने विरोधकांचा धुव्वा उडवला. रियाधचं सौद घराणं परागंदा होऊन अखेर कुवेतच्या आश्रयाला गेलं. घरच्या पुतण्यांना न सोडणाऱ्या या माणसाने त्याआधी सौद घराण्याच्या अब्दुल रहमानला हाइलमध्ये नजरकैदेत का होईना, पाहुण्यासारखं ठेवून परत जाऊ दिलं होतं. ही उदारता महागात पडली. १८९७मध्ये मुहम्मद मरण पावला तेव्हा त्याला मूलबाळ नव्हतं. मागे पुन्हा भाऊबंदकी माजली. अब्दुल रहमानचा मुलगा अब्दुल अझीझ याने १९०२मध्ये रियाध परत घेतलं आणि नोव्हेंबर १९२१मध्ये हाइलही.

बरझान पाडला गेला. आज ते नाव बाजाराला उरलं आहे. शेवटच्या अमिरांपैकी सौद इब्न रशीद याची विधवा फहदा हिच्याशी अब्दुल अझीझने लग्न केलं. शम्मर टोळीच्या त्या लेकीचा मुलगा अब्दुल्ला २००५मध्ये सौदी अरेबियाचा राजा झाला.