लोणावळ्यात एक तबकडी

लोणावळ्याला माणसे कशासाठी जातात हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. चिक्कीसाठी जातात, भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला जातात, आणि धुक्यात उभे राहून आपला फोटो धुरकट आला म्हणून हळहळायला जातात. गेल्या आश्विनात मी लोणावळ्याला तीन दिवस राहिले. त्यांतले दीड-दोन दिवस माझा जीव अडीच इंची तबकडीत अडकला होता, आणि ती तबकडी एका दुकानाच्या माडीवर फिरत होती.

झाले ते असे. मी मराठी शिकवते, आणि गेली काही वर्षे सुट्टीत मावळातल्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करते. हे काम माझे एकटीचे नव्हे, पहिलेही नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या डोंगरापुढे माझी टोपली म्हणजे काहीच नाही. पण त्या टोपलीत एका आजींच्या ओव्या होत्या. आजी पवन मावळातल्या. पवनेचे धरण 1972 साली पुरे झाले आणि त्यांचे सासर पाण्याखाली गेले. त्यांच्या ओव्यांत मात्र त्या गावचे बांध, पाणोठा, दारची बाभळ सगळे जागच्या जागी होते. त्यांची नात माझी विद्यार्थिनी. तिनेच मला आजींकडे नेले. दोन दुपारी मिळून एकेचाळीस ध्वनिमुद्रणे झाली.

श्रावणात आजी गेल्या. महिन्याभराने मुलीचा फोन आला. "मॅडम, आजीचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही हो. तुमच्याकडचा देता का?" मी म्हटले, "देते काय, घेऊनच येते."

आता खरी गोष्ट कबूल करायला हवी. ही मुद्रणे माझ्या लॅपटॉपवर होती, आणि फक्त लॅपटॉपवरच होती. रेकॉर्डरचे कार्ड मी पुढच्या गावासाठी पुसून टाकले होते. आणि तो लॅपटॉप गणपतीपासून कुरकुरू लागला होता. चालू व्हायला पाच मिनिटे, मग दहा, मग निळा पडदा. पुण्यातल्या एका दुकानात दाखवला तेव्हा तिथल्या मुलाने वर न बघताच सांगितले, "विंडोज गेलंय. फॉरमॅट मारून नवीन टाकतो. संध्याकाळी घेऊन जा." मी जवळजवळ हो म्हटले होते. गर्दी होती, वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून लॅपटॉप उचलून परत आले इतकेच. शहाणपणामुळे नव्हे, हे लिहून ठेवते.

पुण्याहून लोणावळ्याची लोकल म्हणजे मला अजून आवडणारी गोष्ट. चिंचवड-आकुर्डीचे कारखाने मागे पडले की तळेगावपासून गाडीला जरा मोकळा श्वास येतो. वडगाव, कान्हे, कामशेत; दोन्ही बाजूंना भात पिकत आलेला. वडगावच्या संशोधन केंद्राने 1987 साली इंद्रायणी तांदूळ काढला, तो आज पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात पोचला आहे. पण आश्विनात या वाऱ्यावर त्याचा वास घेतल्याखेरीज तो खाल्ला असे मी म्हणणार नाही. मळवली आली की डाव्या हाताला लोहगड-विसापूर, उजवीकडे कार्ल्याचा डोंगर. मग लोणावळा.

मावशीकडे भांगरवाडीत उतरले. बेत असा की रात्री मुद्रणे पेनड्राइव्हवर घ्यायची आणि सकाळी पवनानगर गाठायचे. रात्री लॅपटॉप उघडला तो उघडलाच नाही. कान देऊन ऐकले तर आत टिक्, मग शांतता, मग पुन्हा टिक्. मावशी म्हणाली, "अगं, घड्याळासारखं वाजतंय, म्हणजे चालू असेल." मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी बाजारातल्या एका माडीवरचे दुकान मावशीच्या शेजाऱ्यांनी दाखवले. दुकानदार पस्तिशीचा, शर्टाच्या खिशात छोटा स्क्रू ड्रायव्हर. मी पुण्याच्या मुलाचेच वाक्य त्याला ऐकवले. "विंडोज गेलंय म्हणतात. नवीन टाकायचं का?"

"टाकू की मॅडम. पण कशावर टाकायचं ते आधी बघूया." त्याने लॅपटॉप उलटा करून डिस्क काढली, तळहातावर घेतली. "माझे वडील रेल्वेत गार्ड होते. भोर घाट उतरायच्या आधी गाडी थांबवून ब्रेक बघतात. इंजिन नवं असलं तरी बघतात. सदतीस फुटाला एक फूट उतार आहे. खाली गेल्यावर बघून काय उपयोग?"

हा घाटमार्ग 1863 साली खुला झाला. तेव्हा गाडीला वाटेत दिशा बदलावी लागे, ती कसरत 1929 साली नवी वाट झाल्यावर संपली. ब्रेकची तपासणी मात्र संपलेली नाही. लोणावळ्याच्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागत नसावे.

पुढचा तासभर त्याने मला जे समजावले ते मी वहीत लिहून घेतले, कारण वर्गात चाळीस मुलांना व्याकरण समजावणाऱ्या बाईला इतक्या नीट कुणी काही समजावल्याला बरेच दिवस झाले होते. हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. माझ्यासारखीतल्या मिनिटाला 5400 फेरे घेतात. त्यांच्यावरून वाचणारी सुई केसाच्या जाडीच्या हजारो हिश्श्यांपैकी एकाइतक्या अंतरावर तरंगते, टेकत नाही. टेकली की ओरखडा. 1956 साली आयबीएमने पहिली अशी यंत्रणा विकायला काढली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत पन्नास लाख अक्षरे मावत. माझ्या डिस्कची क्षमता तिच्या लाखपट, आणि ती माझ्या पर्समध्ये चिक्कीच्या पुड्याशेजारी राहिली असती.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते, हे मला ठाऊक नव्हते. 'स्मार्ट' म्हणतात त्या नोंदीला. त्याने लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला, म्हणजे आजारी डिस्कवर चढायची गरजच नाही, आणि ती नोंद वाचली. दोन आकडे दाखवले. एक, खराब झाल्यामुळे डिस्कने स्वतःच बाजूला काढून ज्यांच्या जागी राखीव कप्पे दिले असे कप्पे: चाळीस. दुसरा, वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे कप्पे: एकशेबारा.

"हे एकशेबारा कुठे पडलेत कोण जाणे," तो म्हणाला. "विंडोजच्या फायलीत असतील तर फुकटचे. तुमच्या फायलीत असतील तर..."

मी आजींचे सांगितले. त्याने मान हलवली आणि त्यानंतर मला मॅडम म्हणाला नाही, ताई म्हणाला.

"मग ताई, दुरुस्ती शेवटी. आधी प्रत."

मी विचारले, चेकडिस्क नावाचे काही असते ना, ते चालवून खराब भाग दुरुस्त का करत नाही? तेव्हा त्याने सांगितलेले मला फार पटले. चेकडिस्क चालवले की विंडोज आपल्या फायलींची वही तपासते. कोणती फाईल कुठे, याची नोंद चुकली असेल तर सुधारते. शिकस्त केली तर प्रत्येक कप्पा वाचून पाहते. पण वही सरळ करणे वेगळे आणि मजकूर वाचवणे वेगळे. ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती वही नीट दिसावी म्हणून छाटली जाते, आणि फाईल निनावी तुकड्यांत उरते. शिवाय डिस्क मरायला टेकलेली असेल तर अख्खी वाचून काढायचा ताण तिला तिथेच संपवतो. धातूवरचा ओरखडा कुठलेही साधन भरून काढत नाही. खराब कप्पा वगळून राखीव कप्पा देणे, यालाच दुरुस्ती म्हणायचे. म्हणून प्रथम सगळ्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यायची, आणि चेकडिस्क वगैरे जे करायचे ते त्या प्रतीवर.

प्रत घेणारे साधन जे सहज वाचता येते ते आधी उचलते. जिथे अडखळते ती जागा सोडून पुढे जाते, कुठे काय सुटले त्याचा नकाशा ठेवते, आणि शेवटी त्या सोडलेल्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळते. मध्येच बंद केले तरी नकाशावरून पुढे चालू करता येते. "उद्या संध्याकाळ होईल," तो म्हणाला. "तुम्ही इथे बसून काही होणार नाही. फिरून या."

लोणावळ्यात फिरून ये असे सांगितले गेलेली इतकी चिंताक्रांत बाई दुसरी नसेल.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याला गेले. नवरात्र चालू. एकवीरेचे देऊळ लेण्याच्या अगदी तोंडाशी, त्यामुळे पायऱ्यांवर कोकणातून आलेल्या कोळी मंडळींची रांग, बँड, नारळ, लहान मुलांच्या भोकांड्या. मी आईला लांबून हात जोडले आणि चैत्यगृहात शिरले. आत एकदम गारवा. छताच्या लाकडी फासळ्या मूळच्या आहेत. दोन हजार वर्षांच्या आसपासचे लाकूड इतक्या पावसाच्या मुलखात टिकले, यावर मावशीच्या भांगरवाडीतल्या घराची कौले बघितलेल्या माणसाचा विश्वास बसत नाही.

पण त्या दिवशी माझे लक्ष भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे होते. इथल्या लेखांत या लेण्याचे नाव वलूरक आहे आणि प्रदेशाचे नाव मामाळ, म्हणजे आपले मावळ. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिले, तसा लेख आहे. पुढे राज्य सातवाहनांचे झाले. त्यांनी तेच गाव त्याच भिक्षूंना पुन्हा दिले, मामाळच्या अमात्याला उद्देशून तशी आज्ञा कोरवली. जुना लेख मात्र कुणी तासून काढला नाही. राज्य बदलले, शिक्का बदलला. पण गाव कुणाचे, ते कुणासाठी दिले, हे आधी पाहून मग नवे लिहिले. माझ्या डोक्यात तेव्हा एकच विषय असल्यामुळे मला वाटले, पुण्याच्या त्या दुकानातल्या मुलाला इथे एकदा आणले पाहिजे.

संध्याकाळी माडीवर गेले तेव्हा तो चहा पीत होता. चेहऱ्यावरून काही कळेना. प्रत जवळजवळ पुरी झाली होती. प्रतीवर चेकडिस्क चालवून त्याने माझा कप्पा उघडला होता. एकेचाळीसपैकी अडतीस ध्वनिमुद्रणे धड. दोनांत मध्ये मध्ये खंड. एक उघडत नव्हते, आणि ते उघडणार नाही असे त्याने स्पष्ट सांगितले. उगीच आशा दाखवली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

एक मुद्रण त्याने लावले. बाजारातल्या रिक्षांच्या आवाजात आजींचा आवाज आला, जात्याची घरघर आली, आणि मध्येच मी स्वतः विचारलेला एक मूर्ख प्रश्नही आला. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

मग राहिली जुनी डिस्क. कुतूहल म्हणून त्याने तिच्यावर शून्ये लिहून ती पूर्ण भरली. लिहिताना डिस्क संशयित कप्प्यांचा निकाल लावते. एकशेबाराचा आकडा शून्यावर आला. मला वाटले, झाली बरी. दुसरा आकडा मात्र चाळिसावरून शंभरापुढे गेला होता. पुन्हा तपासले तर नवे संशयित हजर. "ही आता दारात ठेवायला," तो म्हणाला. नव्या, न फिरणाऱ्या डिस्कवर त्याने विंडोज टाकले. त्याला अर्धा तासही लागला नाही. ज्या कामासाठी मी पुण्यात रांगेत उभी होते ते काम एवढेच होते.

तिसऱ्या दिवशी कामशेतहून पवनानगर. धरण काठोकाठ. समोर तुंग, तिकोना, मागे लोहगड. उन्हाळ्यात पाणी उतरले की वाघेश्वराचे दगडी देऊळ वर येते. आता तिथे नुसते निळे पाणी होते आणि त्यावर बगळे. काठाने तंबूंची पर्यटननगरी उठली आहे, तिच्याबद्दल लिहायला बसले तर संपादक जागा देणार नाहीत.

मुलीच्या घरी ओसरीवर आम्ही सगळ्या बसलो: ती, तिची आई, आत्या, दोन शेजारणी. मी एक मुद्रण खंडित आहे हे आधीच सांगितले, पण त्यांना तेच आधी हवे होते, कारण त्यात जुन्या गावाचे वर्णन होते. आजी गाऊ लागल्या. दुसऱ्या ओवीत ती जागा आली. आवाज तुटला, सात-आठ सेकंद काही नाही, मग जात्याची घरघर आणि ओवीचा शेवट.

"हितं भावाचं नाव व्हतं," मुलीची आई म्हणाली.

"भावाचं नाय गं," आत्या म्हणाली. "पाणोठ्याचं व्हतं. मी ल्हान आसल्यापासनं ऐकलीया."

"आत्याबाई, मी त्यांच्याजोडीनं तीस वर्सं दळलंय."

दोघींनी आपापली ओळ म्हणून दाखवली. दोन्ही ओळी वजनात चोख बसत होत्या. शेजारणीने तिसरीच सांगितली. मुलगी माझ्याकडे बघून हसली. "बाई, पुन्हा लावा बरं एकदा," आत्या म्हणाल्या, "आन् ह्यावेळी आवाज मोठा करा." मी मुद्रण पुन्हा सुरुवातीपासून लावले आणि पर्समधून रेकॉर्डर बाहेर काढला.