उष्टें आणि कावीळ

आमच्या घरीं उष्ट्या-खरकट्याचा विधिनिषेध आजहि पाळला जातो. एकाच्या पेल्याला दुसऱ्यानें तोंड लावलेलें आजींस खपत नाहीं. अशा घरांत लाळेवाटे पसरणारा रोग शिरला, हें आम्हांस प्रथम खरेंच वाटेना.

धाकटा पुतण्या एकोणीस वर्षांचा, रोज तालमींत जाणारा. गेल्या श्रावणांत त्याचा घसा धरला, ताप आला, मानेच्या गांठी सुजल्या. आठवडा उलटला तरी तो अंथरूण सोडीना. "आळस अंगीं मुरला आहे," असें आम्हीं त्याच्या तोंडावर म्हटलें. तें आठवलें कीं आज मान खालीं जाते. वर शहाणपणानें कपाटांत उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्या. पांचव्या दिवशीं अंगभर तांबडें पुरळ उठलें आणि डोळे पिवळे दिसूं लागले.

काकूंनीं काविळीची माळ आणण्याचा आग्रह धरला. वहिनींनीं मात्र कोणाचें न ऐकतां मुलास इस्पितळांत नेलें. नेहमीची, दूषित पाण्यांतून होणारी कावीळ ती नव्हती. रक्ततपासणींत एप्स्टीन-बार विषाणूची खूण सांपडली. एप्स्टीन, अचाँग व बार यांनीं १९६४ सालीं हा विषाणू प्रथम पाहिला. १९६८ सालीं हेन्ले दांपत्यानें त्याचा या गांठींच्या तापाशीं संबंध दाखविला, तोहि त्यांच्या प्रयोगशाळेंतील एक मदतनीस स्वतः या तापानें आजारी पडल्यामुळें.

डॉक्टर म्हणाले, या तापांत यकृताला थोडी सूज बहुतेकांस येते. कावीळ थोड्यांस होते. निकोप माणसाचें यकृत निकामी होणें फारच क्वचित्, पण तसें घडलेलें आहे. म्हणून रक्त नीट गोठतें कीं नाहीं हें रोज तपासीत, आणि मुलगा शुद्धीवर, सुसंगत बोलतो ना, हें परिचारिका वरचेवर पाहात. त्या चार रात्री वहिनींचा डोळ्याला डोळा लागला नाहीं. या रोगावर खास असें औषध नव्हतें: विसांवा, भरपूर पाणी, आणि तापाची गोळी मोजूनमापून, कारण तिचा अतिरेक यकृतालाच भोंवतो. प्लीहा वाढली होती व धक्क्यानें ती फुटण्याचें भय असतें, म्हणून तालीम बंद. पुरळ आमच्या गोळ्यांचेंच निघालें. या तापांत तें पुष्कळदां उठतें.

आजींनीं विचारलें, "यानें उष्टें खाल्लें तरी कोणाचें?"

"आजी, तें तुमचेंहि असेल, माझेंहि असेल," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगांत हा विषाणू जन्मभर दडून असतो आणि मधून मधून लाळेंत उतरतो. लहानपणीं आला तर सहसा कळतहि नाहीं. तरुणपणीं आला तर असा झोंबतो."

आजी कांहीं बोलल्या नाहींत. घरीं आल्यावर त्यांनीं नातवासाठीं मऊ भात स्वतः कालविला.

दोन महिन्यांनीं त्याचें रक्त पूर्ववत् झालें. वहिनींनीं कपाटांतील उरल्यासुरल्या गोळ्या फेंकून दिल्या. वाचकांस इतकेंच सांगणें कीं, तरण्या मुलाचा घसा, ताप आणि थकवा आठवड्याहून लांबला, तर त्यास बोल लावण्यापूर्वीं त्याचे डोळे उजेडांत पाहावे आणि डॉक्टरांकडे न्यावें.